संगणकावरील मिडी : नोट्स भरणे आणि दुरुस्त करणे

काही वर्षांपूर्वी रमजान ईदच्या हंगामासाठी मी दुकानाची २० सेकंदांची एक जाहिरात-धून करवून घेतली होती. धून छान झाली, परंतु गायकाची पट्टी फार चढी निघाली. दुकानाचे नावच ऐकणाऱ्याला नीट कळेना. मी स्टुडिओवाल्या मुलाला म्हटले, "बेटा, तीन पट्ट्या खाली घे, दुसऱ्या गायकाकडून गाऊन घेऊ." तो म्हणाला, "चाचा, कामाची फाईल उडवून टाकली. आता फक्त तयार आवाजाची फाईल आहे." तोच आवाज खाली ओढून पाहिला, तर पेटी आजारी माणसासारखी वाजू लागली. सगळे काम पहिल्यापासून करावे लागले. पैसे दुसऱ्यांदा गेले आणि रमजानचे वीस रोजे उलटून गेले. त्या मुलाने मिडीची फाईल ठेवली असती, तर गायकाला तेवढे पुन्हा गावे लागले असते. साज खाली आणणे हे दोन मिनिटांचे काम होते. दोष अर्धा त्याचा आणि अर्धा माझा, कारण आपण नेमका कोणता माल विकत घेतो आहोत, हे मी विचारलेच नव्हते.

म्हणून हा धडा दोघांसाठी लिहीत आहे. एक तो होतकरू तरुण, जो कीबोर्ड वाजवतो आणि घरच्या संगणकावर काम करून चार पैसे कमवू पाहतो. दुसरा तो व्यापारी, जो त्याच्याकडून काम करवून घेतो.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. वाद्यसंगीताबाबत उलेमांमध्ये मतभेद आहेत आणि त्यात बोलण्याचा मला अधिकार नाही. ज्यांना साज नको आहे, त्यांनाही हे हुनर उपयोगी पडते. केवळ दफ ठेवता येतो. किंवा नुसत्या आवाजाच्या रेकॉर्डिंगसाठी सूर आणि लय दाखवणारी एक मार्गदर्शक पट्टी तयार करून नंतर ती काढून टाकता येते.

मिडी म्हणजे काय?

मिडी म्हणजे आवाज नव्हे. तो वाजवण्याचा हुकूम आहे. कोणती पट्टी दाबली, किती जोराने दाबली आणि केव्हा सोडली, एवढीच नोंद त्यात असते. अमेरिकेचे डेव्ह स्मिथ आणि जपानच्या रोलँड कंपनीचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकाराने ही पद्धत आकाराला आली. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतील वाद्यांच्या व्यापारी प्रदर्शनात दोन वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्ये एका तारेने जोडून दाखवण्यात आली. एक वाजवले की दुसरेही वाजू लागले. प्रतिस्पर्धी कंपन्यांनी एकच भाषा मान्य केली, म्हणून सर्वांचाच धंदा वाढला. या कामाबद्दल २०१३ मध्ये दोघांना तांत्रिक ग्रॅमी सन्मान मिळाला.

कापडाच्या धंद्यातील वाचकांना हे चटकन समजेल. १८०४ च्या सुमारास फ्रान्समधील जोसेफ मारी जॅकार्ड यांनी छिद्रे पाडलेल्या कार्डांवर चालणारा माग तयार केला. कार्डावर धागा नसतो, रंगही नसतो. कोणता उभा धागा उचलायचा, एवढेच छिद्र सांगते. तीच कार्डे ठेवून रेशीम लावा की सूत लावा, नक्षी तीच उतरते. पुढे आपोआप वाजणारे पियानो निघाले, त्यांतही छिद्रे पाडलेली कागदाची गुंडाळी असे. आज संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये ज्या खिडकीत नोट्स भरतात, तिला 'पियानो रोल' म्हणतात, ते नाव त्या गुंडाळीवरूनच आले. थोडक्यात, आवाजाची फाईल म्हणजे विणून झालेले कापड आणि मिडी म्हणजे डिझाइनचा ग्राफ. कापड मिळाले आणि ग्राफ हरवला, तर नक्षीतील एक फूल बदलायलाही नवा ग्राफ काढावा लागतो.

आकड्यांची ओळख

मेनू इंग्रजीत असतात म्हणून उर्दू किंवा मराठी माध्यमातील मुलांनी घाबरू नये. मी स्वतः उर्दू शाळेत शिकलो. या कामात इंग्रजीचे दहा-पंधरा शब्द लागतात, बाकी सर्व हिशेब आहे. एक सवय तेवढी बदलावी लागते. आपले वाचन उजवीकडून डावीकडे चालते, येथे वेळ डावीकडून उजवीकडे जाते. स्वर खालून वर चढतात.

प्रत्येक पट्टीला ० ते १२७ पैकी एक क्रमांक आहे. मधल्या सप्तकातील पांढरी एक म्हणजे ६०. पुढे काळी एक ६१, पांढरी दोन ६२, काळी दोन ६३, पांढरी तीन ६४, पांढरी चार ६५, काळी तीन ६६, पांढरी पाच ६७, काळी चार ६८, पांढरी सहा ६९, काळी पाच ७०, पांढरी सात ७१ आणि वरचा षड्ज ७२. निरनिराळी सॉफ्टवेअर ६० क्रमांकाला सी-३, सी-४ किंवा सी-५ अशी वेगवेगळी नावे देतात. म्हणून दुसऱ्याशी बोलताना नावाऐवजी क्रमांक सांगावा. चूक होत नाही.

पांढरी एक हा सा धरला, तर सर्व शुद्ध स्वर असे येतात : सा ६०, रे ६२, ग ६४, म ६५, प ६७, ध ६९, नी ७१. कोमल स्वर हवा तर एक वजा करावा आणि तीव्र मध्यमासाठी एक मिळवावा.

दुसरा आकडा जोराचा. त्याला वेलॉसिटी म्हणतात. तो १ ते १२७ असतो. तिसरा हिशेब वेळेचा. सॉफ्टवेअर प्रत्येक ठोक्याचे बारीक भाग पाडते, त्यांना टिक म्हणतात. अनेक ठिकाणी एका ठोक्याचे ४८० टिक असतात, काही ठिकाणी ९६०. टेम्पो १०० ठेवला, तर एका मिनिटात १०० ठोके पडतात. म्हणजे एक ठोका ०.६ सेकंदाचा आणि ४८० च्या हिशेबाने एक टिक सव्वा मिलिसेकंदाचा.

काम सुरू करण्यापूर्वी

सॉफ्टवेअर चोरीचे वापरू नये. एलएमएमएस हे मोफत मिळते आणि त्यात पियानो रोल आहे. रीपर हे ६० दिवस वापरून पाहता येते, पुढे परवाना घ्यावा लागतो. चोरीच्या अवजाराने केलेल्या कमाईत बरकत कशी येणार? शिवाय अशा प्रतींबरोबर व्हायरस येतात आणि गिऱ्हाइकांच्या फाईली जातात, हा नफ्या-तोट्याचाही प्रश्न आहे.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. २० सेकंदांची जाहिरात-धून करायची आहे. ताल केहरवा, मात्रा आठ. चार ठोक्यांच्या एका मापात आठ मात्रा बसवल्या, की एक माप म्हणजे एक आवर्तन. मात्रा २४० टिकची आणि आवर्तन १९२० टिकचे. टेम्पो ९६ ठेवला तर आठ आवर्तने बरोबर २० सेकंदांत संपतात. परंतु शेवटच्या सुराची आस राहायला जागा उरत नाही, ती कापली जाते. टेम्पो १०० ठेवला तर आठ आवर्तने १९.२ सेकंदांची होतात आणि ०.८ सेकंद आस विरायला मिळते. कापड कापताना शिलाईची मार्जिन सोडतो, तसेच हे आहे. दादरा असेल तर सहा मात्रांचे माप ठेवावे, म्हणजे त्याच हिशेबाने आवर्तन १४४० टिकचे होते.

नोट्स भरणे

१. टेम्पो आणि माप ठरवून एक ट्रॅक उघडावा, त्यावर पेटीचा आवाज लावावा आणि आठ मापांचा रिकामा मिडी तुकडा तयार करावा. तबल्यासाठी दुसरा ट्रॅक घ्यावा.

२. तुकड्यावर दोनदा टिचकी मारली की बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये पियानो रोल उघडतो. डावीकडे पट्ट्या आणि समोर चौकटी दिसतात. या चौकटींना ग्रिड म्हणतात. ती एक-अष्टमांशावर ठेवावी, म्हणजे एक चौकट एक मात्रा. 'स्नॅप' चालू असले की नोट चौकटीच्या रेषेवर नेमकी बसते.

३. पेन्सिलचे अवजार घेऊन जिथे स्वर हवा तिथे टिचकी मारावी. नोट एका आडव्या ठोकळ्यासारखी दिसते. ठोकळा मधून धरून ओढला की जागा किंवा स्वर बदलतो. उजवी कड धरून ओढली की लांबी बदलते.

४. सुरुवात नेहमी पांढरी एक धरून करावी. आकडे पाठ राहतात. सर्व झाल्यावर गायकाच्या पट्टीत न्यावे. गायक काळी एकचा असेल, तर पेटीच्या सर्व नोट्स निवडून एक घर वर सरकवावे : ६१, ६३, ६५, ६६, ६८, ७०, ७२. माझ्या धुनेत काळी चारवरून पांढरी चारवर, म्हणजे तीन घरे खाली यायचे होते. काम एवढेच होते.

५. तबल्याच्या नोट्स मात्र कधीही वर-खाली सरकवू नयेत. तबल्यात प्रत्येक बोल वेगळ्या पट्टीवर ठेवलेला असतो. एक घर सरकवले की 'धा'च्या जागी भलताच बोल वाजतो. नवशिक्यांची ही सर्वांत मोठी चूक आहे. तबल्याचा सूर बदलायचा तर त्या वाद्याच्या आतील सूर-बटणाने बदलावा. कोणत्या पट्टीवर कोणता बोल आहे, हे प्रत्येक संचात निराळे असते. म्हणून आधी एकेक पट्टी दाबून कागदावर यादी करावी.

दुरुस्ती : खरे कसब इथे आहे

भरलेल्या नोट्स प्रथम ऐकल्या की यंत्र वाजते आहे असे वाटते, कारण सर्वांचा जोर सारखाच असतो. केहरव्याचा ठेका धा गे ना ती, न क धी ना. त्याला प्रारंभी असा जोर देऊन पाहावा : १०८, ७२, ८८, ७०, ७८, ६४, ९२, ८४. सम ठसठशीत लागली पाहिजे आणि मधले बोल हलके. हे आकडे म्हणजे कायदा नव्हे. शेवटचा निर्णय कानाने करावा. दुसऱ्या आवर्तनात दोन-तीन आकडे थोडे बदलावे. एकच आवर्तन आठ वेळा चिकटवले की ऐकणारा कंटाळतो.

पेटीत नोटेची लांबी महत्त्वाची आहे. ठोकळा संपला की सूर थांबतो. दोन ठोकळ्यांत फट राहिली तर भाता तुटल्यासारखा वाटतो. गाण्याचा श्वास जिथे आहे तिथेच फट ठेवावी. एकाच पट्टीवरचे दोन ठोकळे एकमेकांवर चढले तर दुसरा सूर अर्ध्यात बंद पडू शकतो. अशा जागा पियानो रोल मोठा करून पाहाव्या.

पेटी हाताने वाजवून रेकॉर्ड केली असेल, तर नोट्स थोड्या पुढे-मागे पडतात. त्या रेषेवर आणण्याच्या क्रियेला क्वांटाइझ म्हणतात. ही क्रिया इस्त्रीसारखी आहे. फार तापवली तर कापडाचा पोत जातो. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये तिचे प्रमाण टक्क्यांत ठरवता येते. एखादी नोट ३० टिक, म्हणजे साडेसदतीस मिलिसेकंद, उशिरा आहे असे समजा. प्रमाण ५० टक्के ठेवले तर ती १५ टिक उशिरा राहते. चूक कानाला टोचत नाही आणि हाताची माणुसकीही उरते. मात्र ग्रिड अष्टमांशाऐवजी चतुर्थांशावर राहिली, तर मधल्या मात्रा उडी मारून शेजारच्या ठोक्यावर जाऊन बसतात आणि सारा तुकडा बिघडतो. म्हणून आधी ग्रिड पाहावी, मग बटण दाबावे. कणस्वर आणि हरकतींच्या बारीक नोट्स यातून वगळाव्या.

मींड हवी असेल तर पिच बेंड वापरतात. त्याचा मध्य ८१९२ आणि पल्ला ० ते १६३८३ आहे. पुष्कळ वाद्यांत तो पूर्ण वर नेला की स्वर दोन घरे चढतो, म्हणजे सा वरून शुद्ध रे. दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या. मींड संपली की बेंड मध्यावर परत आणावा, नाहीतर पुढचे सर्व स्वर बेसूर लागतात. आणि बेंड संपूर्ण चॅनलला लागू होतो. एका चॅनलवर चार स्वर वाजत असतील तर चारही वाकतात. मींडेचा स्वर वेगळ्या ट्रॅकवर, वेगळ्या चॅनलवर ठेवावा. एका मिडी जोडणीत असे १६ चॅनल असतात.

शेवटी झाडलोट करावी. माल गठ्ठ्यात बांधण्यापूर्वी आपण थान उलगडून तपासतो, तशी ही तपासणी आहे.

— चुकून हात लागून पडलेल्या पाच-दहा टिकच्या नोट्स काढाव्या.

— दोनदा रेकॉर्ड झाल्यामुळे एकावर एक बसलेल्या जोड नोट्स काढाव्या. डोळ्याला त्या एकच दिसतात, कानाला मात्र तो स्वर जादा जाड लागतो.

— एखादा सूर थांबतच नसेल, तर कंट्रोलर क्रमांक ६४ पाहावा. तो पेडलचा आहे. ६४ किंवा त्याहून मोठा आकडा म्हणजे पेडल दाबलेले. तुकड्याच्या शेवटी तो शून्यावर आणावा.

— पट्टी दाबल्यावर आवाज उशिरा येत असेल, तर नोट्स सरकवू नयेत. ते बफरचे काम आहे. ४८,००० च्या दराने २५६ नमुन्यांचा बफर सुमारे ५.३ मिलिसेकंदांचा असतो. १०२४ केला की २१ मिलिसेकंदांहून अधिक होतो. वाजवताना लहान ठेवावा, शेवटची फाईल काढताना मोठा चालतो.

फाईल देणे-घेणे

प्रत्येक टप्प्यावर नवीन नावाने फाईल ठेवावी : धून-१, धून-२, धून-३. जुनीवर नवी लिहू नये. मिडी फाईल काढताना टाइप १ निवडावा, त्यात प्रत्येक ट्रॅक वेगळा राहतो. टाइप ० मध्ये सर्व एकत्र होतात. मिडी फाईल फार लहान असते, हजारो नोट्स काही किलोबाइटांत मावतात. "जागा नव्हती म्हणून पुसली" ही सबब येथे चालत नाही.

परंतु मिडीत आवाज नसतो, हे पुन्हा सांगतो. आपल्याकडे सुरेल पेटी असली, तरी गिऱ्हाइकाच्या संगणकावर तीच फाईल खेळण्यातल्या बाजासारखी वाजू शकते. १९९१ मध्ये 'जनरल मिडी' नावाची १२८ आवाजांची सर्वमान्य यादी ठरली. तिच्यात सितार १०५ व्या आणि शहनाई ११२ व्या क्रमांकावर आहे, मात्र तबला नाही. तालवाद्ये चॅनल १० वर असतात. म्हणून मिडीबरोबर कोणते वाद्य कोणत्या संचातील आहे, याची चिठ्ठी द्यावी आणि प्रत्येक ट्रॅकची स्वतंत्र आवाज-फाईलही द्यावी.

व्यापाऱ्यांनी काय लिहून घ्यावे?

पैसे ठरवतानाच चार वस्तू कागदावर आणाव्या : तयार धून, प्रत्येक ट्रॅकची वेगळी आवाज-फाईल, मिडी फाईल, आणि वाद्यांची व टेम्पोची चिठ्ठी. दुरुस्ती किती वेळा मोफत आणि नंतर दर काय, हेही लिहावे. मिडी फाईलसाठी तरुणाने जादा पैसे मागितले तर ते गैर नाही. ग्राफ ही त्याची मेहनत आहे. मात्र ते आधी सांगावे.

हक्काची बाजूही समजून घ्यावी. पैसे दिले म्हणजे धुनेचा हक्क आपोआप मिळाला, असे धरून चालू नये. कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम १९ नुसार हक्काचे हस्तांतरण लेखी आणि देणाऱ्याच्या सहीचे असावे लागते. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. ज्यांचा माल आखातात जातो, त्यांनी ही ओळ विसरू नये. तरुणांनीही ध्यानात ठेवावे, की सिनेगीताची तयार मिडी फाईल कुठून मिळाली म्हणून ते गाणे फुकटचे होत नाही. संगीतरचनेवरील हक्क रचनाकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. नोट्स स्वतः भरल्या तरी चाल दुसऱ्याची असेल, तर परवानगी लागते.

व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम आपल्याला कुरआनने उधारीच्या संदर्भात दिलाच आहे. त्याच भावनेने हे छोटे कागदही लिहून ठेवले, तर चाचा-भतीजाचे संबंध तुटण्याची वेळ येत नाही. त्या स्टुडिओवाल्या मुलाशी माझे आजही चांगले आहे. पुढचे काम मी त्यालाच दिले. या वेळी करारात चार ओळी जास्त होत्या आणि पट्टी बदलायची वेळ आली, तेव्हा चहा येईपर्यंत काम झाले.

सुरुवात करणाऱ्यांनी आठवडाभर एवढाच सराव करावा : आठ मात्रांचे एक आवर्तन, पेटीचे सात शुद्ध स्वर, त्यांचे तीन पट्ट्यांत स्थलांतर आणि शेवटी झाडलोट. हात बसला की मगच गिऱ्हाईक घ्यावे. अल्लाह आपल्या तरुणांच्या हुनरात आणि हलाल रोजीत बरकत देवो.